पाठीतल्या पाण्याचं प्रोटीन नॉर्मल आलं, मग एवढं महाग औषध कशाला?

घाटमाथा | मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

माझे मामा, वय ५४, वाईजवळ शेती. पंधरवड्यापूर्वी एका लग्नाहून आल्यावर जुलाब लागले, दोन-तीन दिवसांत थांबलेही. गेल्या आठवड्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चालता चालता चप्पल मागे राहिली तरी त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उठताना हाताचा टेकू लागला, तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना. साताऱ्यात दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. इथे डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, पाय जागचा हलला नाही. 'जीबीएस वाटतोय' म्हणाले (गीयाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आणि पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढून तपासायला दिलं. त्रास सुरू झाल्याचा तो चौथा दिवस.

रिपोर्ट असा:
पाणी स्वच्छ, रंगहीन
प्रोटीन ३८ (नॉर्मल १५ ते ४५)
साखर ६८ (त्याच वेळी रक्तात ११२)
पेशी २

डॉक्टर म्हणतात आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध) लगेच सुरू करायचं. खर्च लाखांत. मामेभाऊ अडून बसलाय. 'जीबीएसमध्ये प्रोटीन वाढतं असं सगळीकडे लिहिलंय, आपलं तर नॉर्मल. मग हे औषध कशाचं?' वर मामींनी धोशा लावलाय की पाणी काढल्यामुळेच पाय गेले, कारण काढलं त्या संध्याकाळी पाय आणखी ढिले पडले.

रिपोर्ट कुणाला वाचता येतो का? सकाळपर्यंत सांगायचंय.

ऊनसावली | रात्री ११.५२

घाई करू नका. लाखाचं औषध म्हटलं की दुसरं मत घ्यावंच. आमच्याकडे अशाच केसमध्ये तेलाच्या मालिशने फरक पडला होता.

नसापुराण | रात्री १२.१०

ऊनसावली, राग मानू नका, पण इथे घाई करायचीच वेळ आहे.

घाटमाथा, मी कोल्हापुरात न्यूरॉलॉजी करतो. मामांना तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. एक काम आत्ता करा. जो कुणी जवळ बसलाय त्याला सांगा, मामांना दीर्घ श्वास घ्यायला लावून एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. वीसपर्यंत गेले तर ठीक. दहा-बारावर दम तुटत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज नाकातून येत असेल, तर रात्रीच्या रात्री ड्यूटी डॉक्टरांना उठवा. जीबीएसमध्ये जीवाला धोका असतो तो मुख्यतः श्वासाचे स्नायू दमल्यामुळे. नाडीचे ठोके आणि बीपी एकदम वरखाली होण्याचाही असतो, म्हणून मॉनिटर लावतात.

आता प्रोटीनकडे. रक्तात प्रोटीन साधारण ६ ते ८ ग्रॅम असतं प्रत्येक डेसिलीटरला, म्हणजे सहा-आठ हजार मिलिग्रॅम. पाठीतल्या पाण्यात जेमतेम १५ ते ४५ मिलिग्रॅम. एवढा फरक टिकतो, कारण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये बारीक चाळणी आहे. जीबीएसमध्ये शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडी नसांवर हल्ला करतात. नसा मज्जारज्जूतून बाहेर पडतात तिथे, मुळांपाशी, सूज येते. तिथली चाळणी सैल होऊन रक्तातलं प्रोटीन पाण्यात झिरपायला लागतं. ते साठायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात बऱ्याच रुग्णांचं प्रोटीन नॉर्मल येतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढतं. चौथ्या दिवशी ३८ आलं म्हणून जीबीएस नाही असं कुणीही जाणता डॉक्टर म्हणणार नाही.

मग पाणी काढलंच कशाला? 'पेशी २' हे कळण्यासाठी. पाय असे वेगाने लुळे पडतात तेव्हा संसर्ग, लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), मज्जारज्जूची सूज अशा बऱ्याच गोष्टींची शंका येते. त्यातल्या अनेकांत पेशी वाढतात. पन्नासच्या वर पेशी दिसल्या असत्या तर मी स्वतः जीबीएसवर फेरविचार केला असता. रिपोर्टमध्ये तुमचा भाऊ प्रोटीनची ओळ वाचतोय. डॉक्टरांनी पेशींची ओळ वाचली, आणि त्याहून जास्त गुडघ्याची हातोडी वाचली.

हे १९१६ सालापासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धात गीयाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांच्या पाठीतलं पाणी तपासलं. प्रोटीन भरपूर, पेशी जवळजवळ नाहीत. त्या काळी ही जोडी बुचकळ्यात टाकणारी होती. आजाराला पुढे पहिल्या दोघांचीच नावं चिकटली. स्त्रोल बिचारा गळाला.

आयव्हीआयजी पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तर उपयोग सर्वाधिक. प्रोटीन चढायची वाट बघत बसलात तर तेच दिवस वाया जातात. वजनाच्या किलोमागे एकूण २ ग्रॅम, बहुतेक ठिकाणी पाच दिवसांत विभागून देतात. मामा ६५ किलोचे असतील तर १३० ग्रॅम, म्हणून बिल एवढं. झेपत नसेल तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा पर्याय विचारा. परिणाम तितकाच, बऱ्याच ठिकाणी खर्च कमी, पण त्याला यंत्र आणि सरावलेली माणसं लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला सकाळी पहिल्यांदा विचारा. आणि कुणी स्वस्तातलं म्हणून नुसतं स्टिरॉइड सुचवलं तर नको म्हणा, जीबीएसमध्ये त्याचा फायदा होत नाही.

मामींना सांगा, प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये. तिथे आत पाणी आणि सुट्या नसा, ज्या सुई लागली तर बाजूला सरकतात. पाय आणखी ढिले पडले ते आजार अजून चढतोय म्हणून. पाणी काढलं नसतं तरी पडलेच असते.

काळा_चहा | रात्री १२.३१

वा नसापुराण. असा प्रतिसाद ओपीडीत विचारला असता तर दीड मिनिटात बाहेर काढलं असतं. 🙂

नसापुराण | रात्री १२.३४

ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असतात हो.

लॅबवाली_मिरज | बुधवार, सकाळी ७.०५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आता बरीच वर्षं झाली. हा नमुना आला की आम्ही हातातलं काम सोडतो. रक्त पुन्हा मागता येतं, हे पाणी पुन्हा मागायचं म्हणजे पेशंटच्या पाठीत परत सुई.

तीन किंवा चार छोट्या नळ्या येतात, नंबर घातलेल्या. पाणी सिरिंजने ओढत नाहीत, थेंब थेंब आपोआप पडू देतात. पहिली नळी उजेडात धरून शेजारी साध्या पाण्याची नळी धरायची. फरक दिसता कामा नये. किंचित दुधट दिसलं तर पेशी वाढलेल्या, लालसर तर रक्त, पिवळट असेल तर जुना रक्तस्राव किंवा भरमसाट प्रोटीन. मी एकदा मज्जारज्जूवर गाठ असलेल्या पेशंटचा नमुना पाहिलाय, हळदीसारखा पिवळा आणि नळीत जेलीसारखा थिजलेला. वरचा रस्ता बंद झाला की खालचं पाणी साचतं आणि प्रोटीन हजारात जातं.

पहिल्या नळीत सुईने फुटलेल्या बारीक शिरेचं रक्त येऊ शकतं. रक्त आलं की प्रोटीन खोटं वाढतं. ढोबळ हिशोब असा की हजार तांबड्या पेशींमागे साधारण १ मिलिग्रॅम वजा करायचं. म्हणून पेशी शेवटच्या नळीतून मोजतात, शक्यतो. रिपोर्टवर तांबड्या पेशींचा आकडा छापलेला असेल तर प्रोटीन वाचताना तोही बघा.

आणखी एक. पांढऱ्या पेशी तासाभरात फुटायला लागतात. रात्री काढलेलं पाणी सकाळच्या शिफ्टसाठी फ्रीजमध्ये ठेवलं तर पेशी कमी भरणार, आणि मेनिन्जायटिसचे (मेंदूच्या आवरणाच्या सुजेचे) काही जंतू थंडीने मरणार ते वेगळंच. नातेवाईक रिपोर्टवर नॉर्मल-अ‍ॅबनॉर्मल शोधतात. मी म्हणेन, नमुना किती वाजता काढला आणि किती वाजता लॅबला पोचला ते आधी शोधा.

पूर्वी आमचे सर पँडीची टेस्ट करायचे. काचेवर फिनॉलचं द्रावण घ्यायचं, त्यात या पाण्याचा एक थेंब. प्रोटीन जास्त असेल तर थेंबाभोवती पांढुरका धूर पसरल्यासारखा दिसायचा. आता मशीन रंगाच्या छटेवरून आकडा देतं. त्यातही एका लॅबची वरची मर्यादा ४५ असते, दुसरीची ५० किंवा ६०. वय वाढेल तसं प्रोटीनही थोडं वाढतं, नवजात बाळांत तर शंभरावर असलं तरी चालतं. तेव्हा एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या नॉर्मलशी ताडून बघू नका.

सिंहगडरोडकर | सकाळी ९.२०

मी २०२५ च्या जानेवारीतला जीबीएसचा पेशंट. तेव्हा आमच्या भागात, किरकटवाडी-नांदेड-धायरी पट्ट्यात जीबीएसची साथ आली होती, पेपरात रोज आकडे यायचे. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू सापडला, दूषित पाण्यावर संशय गेला. म्हणूनच मामांचे जुलाब वाचून चमकलो.

माझंही पाणी काढलेलं. प्रोटीन १२६, पेशी ३. माझी तपासणी दुसऱ्या आठवड्यात झाली होती, हे नसापुराण म्हणतात त्याच्याशी जुळतं. शेजारच्या बेडवरच्या पोराचं प्रोटीन माझ्या निम्मंही नव्हतं आणि व्हेंटिलेटरवर गेला तो. मी नाही गेलो. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं काही नसतं.

घाटमाथा, पैशांपेक्षा माणसांची तयारी ठेवा. रात्रीतून दर दोन तासांनी कूस बदलायला कुणीतरी लागतं. माझी पाठ आणि मांड्या इतक्या दुखायच्या की चादर लागली तरी नको व्हायचं, आणि बघायला येणारे म्हणायचे 'लुळं पडलंय तर दुखतं कसं?' मामांना दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, सहन करू नका.

घाटमाथा | सकाळी १०.१५

काय बोलू. रात्री मामांकडून आकडे म्हणवून घेतले, बावीसपर्यंत गेले. नसापुराणांचा प्रतिसाद मामेभावाला मोठ्याने वाचून दाखवला. तो 'पेशी पेशी' करत डॉक्टरांकडे गेला आणि पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारून आला. औषध सुरू झालंय. आरोग्यमित्राने कागद घेतलेत. मामी अजून सुईवर रागावलेल्याच आहेत.

आंबेमोहर | दुपारी १.४०

धागा मूळ विषयापासून सरकतोय पण विचारते. आईला वीस वर्षांचा मधुमेह. पायांची जळजळ वाढली म्हणून एका ठिकाणी पाणी काढलं, प्रोटीन ७२, पेशी नाहीत. सीआयडीपी असेल म्हणाले, महिन्याला इंजेक्शन. आम्ही घाबरून अजून सुरू केलेलं नाही.

नसापुराण | दुपारी ३.०५

आंबेमोहर ताई, मधुमेहात नुसत्या मधुमेहानेच प्रोटीन ६०-८० पर्यंत गेलेलं बऱ्याचदा दिसतं. मान किंवा कमरेचे मणके झिजून जागा अरुंद झाली असेल तरीही वाढतं. सीआयडीपी म्हणजे जीबीएसचा संथ चुलतभाऊ. तो ओळखायचा तर एनसीव्ही, म्हणजे नसांच्या वेगाची तपासणी, लागते. एनसीव्हीत नसांचं वरचं आवरण खराब झाल्याच्या ठरावीक खुणा आहेत का, आणि आईंना नुसती जळजळ आहे की मांड्या-खांद्यांची ताकदही गेली आहे, हे दोन प्रश्न विचारा. नुसत्या ७२ च्या आकड्यावर महिन्याची इंजेक्शनं मी तरी सुरू करणार नाही.

गोदाकाठ | संध्याकाळी ६.३०

आमचा अनुभव अगदी उलटा. लेक सात वर्षांची होती. दोन-तीन आठवडे संध्याकाळी कणकण, डोकं दुखतं म्हणायची, सकाळी उलटी. चष्मा लागला असेल, शाळा टाळते, असं सगळं ऐकून झालं. मग एके दिवशी हाक मारली तरी नीट बघेना. नाशिकला नेलं. पाण्यात प्रोटीन २४०, पेशी १६०, बहुतेक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), आणि साखर २६ जेव्हा रक्तातली १०४ होती. टीबी मेनिन्जायटिस.

मला तेव्हा डॉक्टरांनी एकच समजावलं होतं. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण साठ टक्के असते, म्हणून रक्ताची साखर त्याच वेळी बघावी लागते. आमची पाव टक्क्याला आली होती... पाव हिश्शाला म्हणायचंय. प्रोटीन वर, साखर खाली, पेशी लिम्फोसाइट, आणि दुखणं आठवड्यांचं. या चौकडीवर औषध सुरू केलं. सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधायची टेस्ट) निगेटिव्ह आली होती, तरीही. पाण्यात जंतू इतके थोडे असतात की निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही, असं धरत नाहीत म्हणे. वर्षभर गोळ्या, सुरुवातीला स्टिरॉइड. आता पाचवीत आहे, भांडकुदळ आहे, एका कानाने कमी ऐकू येतं.

जीबीएसमध्ये स्टिरॉइड नको आणि इथे स्टिरॉइडने जीव वाचतो. दोन्हीकडे प्रोटीन वाढलेलंच. म्हणून कुणी नुसता आकडा टाकून 'काय असेल' विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो.

लॅबवाली_मिरज | संध्याकाळी ७.१०

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. बॅक्टेरियाच्या मेनिन्जायटिसमध्ये असंच, फक्त पेशी न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि सगळं काही तासा-दिवसांत. व्हायरलमध्ये प्रोटीन थोडंसंच वर आणि साखर बहुतेक वेळा नॉर्मल.

लीड्सकर | रात्री ११.५५

इकडे इंग्लंडात रिपोर्टवर प्रोटीन ग्रॅम प्रति लिटरमध्ये येतं. माझं ०.४२ होतं. आईला पुण्यात फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'अगं, पॉइंट चार म्हणजे संपलंच की प्रोटीन, डाळ खा.' शंभराने गुणायचं, म्हणजे ४२, नॉर्मल.

पण माझं निदान एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. एकूण प्रोटीन नॉर्मल, आणि तरी त्याच प्रोटीनमध्ये ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे अँटीबॉडीच्या पट्ट्या, सापडले. पाणी आणि रक्त दोन्ही शेजारी शेजारी लावून बघतात. पाण्यात ज्या पट्ट्या आहेत त्या रक्तात नसतील, तर अँटीबॉडी आतच तयार होतायत. २०१७ च्या निकषांपासून, एमआरआय आणि लक्षणं जुळत असतील तर, या पट्ट्यांच्या आधारे दुसऱ्या झटक्याची वाट न बघता निदान करता येतं. म्हणून भारतात कुणाला ही टेस्ट सांगितली तर रक्ताचा नमुनाही त्याच दिवशी गेलाय ना, एवढं बघा.

पांथस्थ | गुरुवार, सकाळी ८.१०

बाबा ७१, विसरायला लागलेत. हीच टेस्ट करून घ्यावी का? एका पॅकेजमध्ये दिसली.

नसापुराण | सकाळी ८.४५

हीच नाही. अल्झायमरसाठी याच पाण्यात वेगळी प्रोटीनं मोजतात, अमायलॉइड बीटा ४२ कमी होतं आणि टाऊ वाढतं. एकूण प्रोटीन त्याबद्दल काही सांगत नाही. आणि तिथवर जायच्या आधी बी-१२, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, ऐकू येणं, उदासी आणि एक स्कॅन. पॅकेज बघून पाठीत सुई घेऊ नका. विशेषतः बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

काळा_चहा | सकाळी ९.३०

सुईवरून आठवलं. माझं पाणी काढल्यावर चार दिवस डोकं असं ठणकायचं की उठून बसलं की सुरू, आडवा पडलो की बंद. मला सहा तास उताणा झोपवलं होतं, तरी.

नसापुराण | सकाळी १०.००

सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहतं, त्याची डोकेदुखी ती. सक्तीने झोपवून ती टळत नाही, असंच अभ्यासांत दिसलंय. टळते ती बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुईने. काढलेलं पाणी भरून यायला वेळ लागत नाही. शरीरात ते एकूण दीडशे मिलिलीटरच्या आसपास असतं आणि दिवसाला जवळपास पाचशे तयार होतं, म्हणजे काढलेले दहा मिलिलीटर अर्ध्या तासाचं काम. दुखणं बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप जातं. फारच झालं तर पेशंटचंच थोडं रक्त त्या जागी टोचून भोक बुजवतात. ताप आला किंवा मान आखडली तर मात्र लगेच दाखवायचं.

घाटमाथा | पुढचा बुधवार, रात्री ९.५०

मामांचा डोस पूर्ण झाला. पाय अजून उचलत नाहीत, पण वाढायचं थांबलंय, श्वास ठीक, बोटं हलवतात. योजनेचं मंजूर झालं, वरचा थोडा भाग आम्ही भरला.

मामेभावाने आता नवीन काढलंय. म्हणतो, दुसरा आठवडा लागलाय, परत पाणी काढून बघू प्रोटीन वाढलंय का, म्हणजे निदानाची खात्री होईल.

नसापुराण | रात्री १०.२०

नको. वाढलेलं आलं तरी उपचार हेच, नॉर्मल आलं तरी हेच. शिवाय आयव्हीआयजी दिल्यावर त्या औषधानेही पाण्यातलं प्रोटीन, कधी पेशीसुद्धा, वाढतात, म्हणजे आकड्याचा अर्थ आणखी धूसर. खात्रीच हवी तर एनसीव्ही. सुरुवातीला तीही कधी नीट दिसत नाही, आता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जास्त स्पष्ट दिसेल. पाण्याचा विचार पुन्हा करायचा तो मामा सुधारून परत घसरले, किंवा आठ आठवड्यांपलीकडे आजार चढतच राहिला तर. भावाला म्हणावं फिजिओथेरपिस्टचा नंबर शोध.

लॅबवाली_मिरज | रात्री १०.४१

आणि आयव्हीआयजीनंतर काही आठवडे रक्ताच्या अँटीबॉडीच्या टेस्टही जपून वाचायच्या. ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. कुणाची तरी हिपॅटायटिस-बीची अँटीबॉडी मामांच्या रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह दिसेल आणि घरात परत दोन तट पडतील. लॅबला कागदावर लिहून द्या, औषध कोणत्या तारखेला दिलं ते.